स्टॅटिस्टिक्स पहिल्यांदा शिकताय? आधी पाच चिठ्ठ्या घेऊन बसा

मला स्टॅट्सच्या पहिल्या टेस्टला 30 पैकी 11 मिळाले होते, आणि गंमत म्हणजे फॉर्म्युले सगळे पाठ होते. मीन (म्हणजे सरासरी) बरोबर, एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा पसारा) बरोबर, टी-व्हॅल्यूसुद्धा दोन दशांशापर्यंत बरोबर. पण जिथे जिथे "याचा अर्थ काय ते लिहा" असं होतं तिथे मी जे काही लिहिलं होतं त्यावर सरांनी नुसतं लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं. पुढे ज्युनियर मुलांना शिकवताना कळलं की हे माझ्या एकट्याचं नव्हतं, जवळजवळ सगळे याच जागी अडकतात, आणि ती जागा कोर्सच्या बरोबर मध्यावर असते. पहिले चार आठवडे "अरे हे तर सोपंय" म्हणत निघून जातात आणि मग सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन नावाचा धडा येतो आणि त्यानंतरचं सगळं पाठांतर होऊन बसतं.

म्हणून हा लेख. क्रम सिलॅबसचाच आहे, पण वजन मी माझ्या हिशेबाने दिलंय. काही गोष्टी दोन ओळीत उरकल्यात कारण त्या खरंच दोन ओळींच्या आहेत. आणि एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: दुसरा नमुना हाती आला असता तर माझं उत्तर किती हललं असतं? अर्ध्याहून जास्त कोर्स या एका प्रश्नाभोवती फिरतो.

गणित किती लागतं?

बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार, वर्ग, वर्गमूळ, सरळ रेषेचं समीकरण आणि बेरजेचं ते सिग्मा चिन्ह. बस. ज्यांना बारावीत कॅल्क्युलस जमलं नव्हतं अशा मुलांना मी स्टॅट्समध्ये मस्त मार्क काढताना पाहिलंय, आणि कॅल्क्युलसवाले हुशार आपटतानाही पाहिलेत, कारण इथे वाचन जास्त आहे, प्रश्न नीट वाचून "हा नक्की काय विचारतोय" ते ओळखायचं काम जास्त आहे.

खुणांची भाषा मात्र पहिल्याच आठवड्यात पक्की करा. ग्रीक अक्षरं (मीनसाठी म्यू, एसडीसाठी छोटा सिग्मा, बेरजेचा तो मोठा सिग्मा वेगळा) म्हणजे अख्ख्या समष्टीचे आकडे, पॉप्युलेशनचे, जे आपल्याला सहसा माहीत नसतात. साधी इंग्रजी अक्षरं (मीनसाठी एक्स-बार, एसडीसाठी एस) म्हणजे आपल्या हातातल्या नमुन्यावरून काढलेले. हा फरक डोक्यात नसेल तर पुढे हायपोथेसिस (समष्टीबद्दलचं गृहीतक) लिहिताना एक्स-बार बद्दल लिहाल, आणि तिथे हमखास मार्क जातात. एक्स-बार तर समोर दिसतोय, त्याच्याबद्दल अंदाज कसला करायचा!

पायरी 1: आकडा दिसला म्हणून सरासरी काढू नका

जर्सी नंबर, पिनकोड, रोल नंबर हे दिसायला आकडे आहेत पण काम नावाचं करतात, त्यांची सरासरी काढली तर उत्तर येतं पण अर्थ काही नसतो. कोणताही प्रश्न आला की आधी प्रत्येक कॉलमवर शिक्का मारा, मोजमाप आहे का नुसता गट आहे. पुढे कुठली टेस्ट लावायची याचं निम्मं उत्तर या शिक्क्यातच असतं.

पायरी 2: पाच आकडे, कागद, पेन

पाच मित्रांची काल रात्रीची झोप घ्या, तासांत: 4, 6, 7, 8, 10. बेरीज 35, मीन 7, मीडियन म्हणजे मधला आकडा तोही 7. आता प्रत्येकातून 7 वजा करा: −3, −1, 0, 1, 3. या फरकांची बेरीज शून्य येते, आणि ती नेहमीच शून्य येणार, म्हणून तर वर्ग करावे लागतात. वर्ग 9, 1, 0, 1, 9, बेरीज 20. पाचने भागलं तर 4 (हा व्हेरियन्स) आणि वर्गमूळ 2 (हा एसडी). चारने भागलं तर 5 आणि वर्गमूळ साधारण 2.24.

दोन उत्तरं का? हे पाचच जण तुमचं अख्खं जग असेल तर पाचने भागा. हे पाच जण मोठ्या घोळक्यातून उचललेला नमुना असेल तर चारने, म्हणजे एन-1 ने (एन म्हणजे नमुन्यात किती आकडे आहेत ते). "का बरं एन-1?" याचं उत्तर बहुतेक ठिकाणी "डिग्रीज ऑफ फ्रीडम" असं दोन शब्दांत देऊन पुढे जातात, मला ते कधीच पटलं नाही. पायरी 6 ला आपण ते चिठ्ठ्यांनी तपासून बघू.

एसडी म्हणजे काय हे एका वाक्यात बोलता यायला हवं: आकडे सरासरीपासून साधारण किती लांब लांब पडलेत. इथे साधारण दोन तास. युनिट लिहायला विसरू नका, व्हेरियन्सचं युनिट "तास वर्ग" असतं, ज्याला व्यवहारात काही अर्थ नाही, म्हणून तर वर्गमूळ घेऊन परत तासांवर यायचं.

आता मजा बघा. टाइप करताना 10 च्या जागी चुकून 100 पडलं असं समजा. मीन होतो 25. दिवसाचे तास 24 आणि सरासरी झोप 25! एसडी 2.24 वरून उडी मारून 42 च्या जवळ. आणि मीडियन? अजूनही 7, जागचा हललेला नाही. मीडियन कधी वापरायचा हे मला या एका टायपोने जेवढं कळलं तेवढं व्याख्येने कळलं नव्हतं. पगार, घरांच्या किमती, अशा एका बाजूला लांब शेपटी असलेल्या डेटात मीडियन का सांगतात तेही यातच आलं.

हे गणित एकदा तरी हातानेच करा. दहा आकड्यांच्या वर मात्र हाताने करू नका, त्यात शिकण्यासारखं काही नाही, नुसत्या चुका होतात.

पायरी 3: चित्र आधी, आकडे नंतर

1973 साली फ्रान्सिस अँस्कोम यांनी चार छोटे डेटासेट छापले, प्रत्येकात 11 बिंदू. चारही सेटमध्ये एक्सचा मीन 9, वायचा मीन 7.5, कोरिलेशन (एक्स आणि वाय एका रेषेत किती बरोबर हलतात त्याचा आकडा) साधारण 0.816, आणि बसवलेली रेषाही तीच, वाय बरोबर 3 अधिक एक्सचा निम्मा. आकड्यांवरून चारही जुळे भाऊ. काढून बघितलं तर एक साधा पसरलेला, दुसरा चक्क वक्र, तिसऱ्यात सगळे बिंदू एका रेषेत आणि एकच भरकटलेला, आणि चौथ्यात तर सगळे एका उभ्या रांगेत, फक्त एक लांबचा बिंदू रेषा ओढून धरतोय.

हे चार आलेख नेटवरचा डेटा घेऊन स्वतः काढा, वीस मिनिटांचं काम आहे. त्यानंतर हिस्टोग्राम (कुठल्या टप्प्यात किती आकडे पडले ते दाखवणारा खांबांचा आलेख) न काढता मीन सांगायची सवय सुटेल. हिस्टोग्राम बघताना चार गोष्टी बोला: मध्य कुठे, पसारा किती, शेपटी कुठल्या बाजूला, आणि कोणी एकटा लांब पडलाय का. पेपरातसुद्धा "वितरणाचं वर्णन करा" आलं की याच चार गोष्टी, त्याच क्रमाने.

पायरी 4: डेटा आला कुठून?

हा धडा मुलं सोडून देतात कारण त्यात फॉर्म्युला नाही. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक तीच.

1936 ची अमेरिकेची निवडणूक. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, जवळपास 24 लाख परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लँडन 57 टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांच्या विरोधातल्या रूझवेल्ट यांना साधारण 61 टक्के मतं पडली. 24 लाखांचा नमुना! पण नावं बरीचशी टेलिफोन आणि गाड्या असलेल्यांच्या याद्यांमधून आलेली, म्हणजे मंदीच्या काळातले त्यातल्या त्यात बरे लोक, आणि वर उत्तर पाठवायचे कष्टही ठराविक लोकांनीच घेतले. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप यांनी त्याच्या कितीतरी पट लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. वाकडा नमुना कितीही मोठा केला तरी वाकडाच राहतो, मोठ्या नमुन्याने फक्त योगायोगाची चूक कमी होते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाची. 1973 च्या ग्रॅज्युएट प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी 44 टक्के आणि स्त्रियांपैकी 35 टक्के निवडले गेले, वरवर सरळ भेदभाव दिसतो. विभागवार फोड केल्यावर बऱ्याच विभागांत तसा फरक दिसेना, काही ठिकाणी तर स्त्रियांचंच प्रमाण जास्त. कारण स्त्रियांनी जास्त करून अशा विभागांत अर्ज केले होते जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं अवघड होतं. याला सिम्पसनचा पॅराडॉक्स म्हणतात. एकूण टक्केवारी समोर आली की "याच्या आत गट लपलेत का" असं विचारायची सवय इथून लागते.

आणि "यामुळे ते होतं" हे वाक्य लिहायच्या आधी बघा की गट चिठ्ठी टाकून, रँडम, पाडले होते का. पाडले नसतील तर "संबंध दिसतो" एवढंच लिहा.

पायरी 5: प्रोबॅबिलिटी, माणसं मोजून

पत्ते आणि रंगीत चेंडूंच्या गणितांत मुलं महिना घालवतात. इंट्रो कोर्सला इतकं लागत नाही. दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, एकत्र न घडणाऱ्या घटना आणि एकमेकींवर अवलंबून नसलेल्या घटना या वेगवेगळ्या आहेत. नाणं एकदा उडवलं तर छापा आणि काटा एकत्र येऊ शकत नाहीत, म्हणजे छापा आला हे कळलं की काटा नक्की नाही हेही कळलं, म्हणजे त्या पूर्ण अवलंबून झाल्या की! परीक्षेत हा प्रश्न फिरवून फिरवून येतो.

दुसरी, कंडिशनल प्रोबॅबिलिटी, म्हणजे एक गोष्ट कळल्यावर दुसरीची शक्यता. बेजचा फॉर्म्युला पाठ करत बसू नका, माणसं मोजा. समजा 10,000 लोक, त्यातल्या 50 जणांना एक आजार आहे. टेस्ट आजारी लोकांपैकी 96 टक्के पकडते, म्हणजे 48. निरोगी 9,950 पैकी 4 टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे 398. एकूण पॉझिटिव्ह 446, त्यातले खरे आजारी 48, म्हणजे 11 टक्क्यांच्याही आत. "96 टक्के अचूक" टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि तरी आजार नसण्याचीच शक्यता जास्त. असा तक्ता काढलात की बेजचं कुठलंही गणित पाच ओळींत सुटतं, आणि कुठे चुकलं तेही दिसतं.

पायरी 6: पाच चिठ्ठ्या (इथे घाई करू नका)

आता तो अडकवणारा धडा. मगाचचे पाच आकडे पाच चिठ्ठ्यांवर लिहा: 4, 6, 7, 8, 10. समजा हेच अख्खं जग. खरा मीन 7, खरा व्हेरियन्स 4, खरा एसडी 2. आता असं समजा की तुम्हाला हे माहीत नाही आणि तुम्हाला दोनच चिठ्ठ्या उचलायची परवानगी आहे.

दोन चिठ्ठ्यांच्या सगळ्या शक्य जोड्या दहा. त्यांच्या सरासऱ्या: 5, 5.5, 6, 7, 6.5, 7, 8, 7.5, 8.5, 9. स्वतः लिहून काढा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. या दहा सरासऱ्यांची सरासरी काढा. 70 भागिले 10, बरोबर 7. म्हणजे एखादा नमुना चुकेल, पण सगळे नमुने मिळून खऱ्या उत्तराभोवतीच फिरतात. आणि मूळ आकडे 4 ते 10 पसरलेले, सरासऱ्या मात्र 5 ते 9 मध्येच. सरासऱ्या एकेकट्या आकड्यांपेक्षा कमी हलतात, कारण एक लहान आणि एक मोठा आला की ते एकमेकांना सावरून घेतात.

हीच ती सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन. इतकंच आहे ते. त्या दहा सरासऱ्यांचा ढीग.

इथे तीन वेगवेगळे ढीग आहेत आणि सगळा गोंधळ ते एकमेकांत मिसळल्याने होतो. एक, अख्ख्या जगाचा ढीग, पाच चिठ्ठ्या. दोन, तुमच्या हातातला नमुना, दोन चिठ्ठ्या. तीन, "जे नमुने येऊ शकले असते" त्या सगळ्यांच्या सरासऱ्यांचा ढीग. तिसरा ढीग प्रत्यक्षात कधीच दिसत नाही, कारण खऱ्या आयुष्यात आपण एकदाच नमुना घेतो, आणि म्हणून तो डोक्यात बसत नाही. कुठलाही प्रश्न सोडवताना समासात लिहा, "आत्ता कुठल्या ढिगाबद्दल बोलतोय?" एसडी विचारलाय तर पहिला किंवा दुसरा ढीग, स्टँडर्ड एरर विचारलाय तर तिसरा. स्टँडर्ड एरर म्हणजे तिसऱ्या ढिगाचा एसडी, वेगळं काही नाही.

आता चिठ्ठी बघून परत टाकली आणि मग दुसरी उचलली तर 25 जोड्या होतात (4-4 सकट). त्या 25 सरासऱ्यांचा एसडी येतो 1.41, म्हणजे 2 भागिले √2. सिग्मा भागिले रूट एन हा फॉर्म्युला तुम्ही आत्ता स्वतः शोधलात. परत न टाकता उचललेल्या दहा जोड्यांचा एसडी थोडा कमी, 1.22 येतो, कारण जग इतकं लहान असताना दोन चिठ्ठ्या उचलल्या की त्याचा बराच भाग हातात आलेला असतो. मोठ्या समष्टीत हा फरक नगण्य.

आणि ते एन-1? त्याच 25 जोड्या घ्या, प्रत्येक जोडीचा व्हेरियन्स काढा. एन-1 ने, म्हणजे इथे 1 ने भागून आलेल्या 25 व्हेरियन्सची सरासरी येते 4, बरोबर खरा आकडा. एन ने, म्हणजे 2 ने भागलं तर सरासरी येते 2, निम्मीच. कारण आपण फरक मोजतो ते खऱ्या मीनपासून नाही, नमुन्याच्या स्वतःच्या मीनपासून, आणि तो मीन आपल्याच आकड्यांना चिकटून बसलेला असतो त्यामुळे पसारा कमी दिसतो. मी हे पहिल्यांदा वहीत करून बघितलं तेव्हा अर्धा तास लागला, आणि दोन वर्षांची खटक मिटली.

रूट एनचा व्यवहारातला अर्थही बघून घ्या: चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. 1000 लोकांच्या रँडम सर्व्हेत टक्केवारीची मार्जिन साधारण अधिक-उणे 3 टक्के असते, ती दीड टक्क्यावर आणायला 4000 लोक लागतील. म्हणून बरेच सर्व्हे हजाराच्या आसपास थांबतात.

पायरी 7: नॉर्मल कर्व्ह, आणि तो कधी लागतो

नॉर्मल म्हणजे तो घंटेच्या आकाराचा कर्व्ह. त्यासाठी 68-95-99.7 पाठ करा, हे पाठ करण्यासारखंच आहे: मीनपासून एक एसडीच्या आत 68 टक्के, दोनच्या आत 95, तीनच्या आत 99.7. पण सगळा डेटा नॉर्मल असतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सेंट्रल लिमिट थिअरम डेटाबद्दल बोलतच नाही, ती तिसऱ्या ढिगाबद्दल बोलते. मूळ डेटा वाकडातिकडा असला तरी नमुना मोठा होत जाईल तसा सरासऱ्यांचा ढीग घंटेच्या आकाराकडे जातो. "एन 30 च्या वर झाला की झालं" हा अंगठेनियम आहे, डेटाची शेपटी फार लांब असेल तर 30 पुरत नाहीत आणि डेटा सरळ असेल तर 10 पण चालतात.

नमुना लहान असेल आणि सिग्मा माहीत नसेल (म्हणजे जवळजवळ नेहमीच) तर झेडऐवजी (नॉर्मल कर्व्हवरून येणाऱ्या आकड्याऐवजी) टी. हा 1908 चा शोध, विल्यम गॉसेट यांचा, ते डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होते आणि तिथे थोड्या नमुन्यांवरच निर्णय घ्यायला लागायचे. कंपनीच्या नियमांमुळे स्वतःचं नाव न लावता "स्टुडंट" या टोपणनावाने पेपर छापला, म्हणून स्टुडंट्स टी. बरीच मुलं समजतात की विद्यार्थ्यांसाठी केलेली सोपी आवृत्ती असेल. मीही समजायचो.

पायरी 8: कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि पी-व्हॅल्यू, भाषेत

25 जणांची झोप विचारली, मीन 7 तास, एस 1.5 तास. स्टँडर्ड एरर 1.5 भागिले 5, म्हणजे 0.3. टेबलात 95 टक्क्यांसाठी, 24 डिग्रीज ऑफ फ्रीडमला (25 उणे 1) टी 2.064. 0.3 शी गुणाकार 0.62. तो मीनमधून वजा करा आणि मीनमध्ये मिळवा, 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल 6.38 ते 7.62. इथपर्यंत सगळ्यांना येतं. आता वाक्य लिहा.

"95 टक्के मुलं 6.38 ते 7.62 तास झोपतात": चूक, हा पहिला ढीग झाला. "खरा मीन यात असण्याची शक्यता 95 टक्के": हे सगळे बोलतात, पण कोर्सच्या व्याख्येप्रमाणे हेही चूक, कारण खरा मीन एक ठरलेला आकडा आहे, तो या इंटरव्हलमध्ये आहे किंवा नाही. बरोबर असं: या पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन इंटरव्हल काढले तर त्यातल्या सुमारे 95 टक्के इंटरव्हलमध्ये खरा मीन सापडेल. 95 टक्के हा आपल्या पद्धतीचा स्ट्राइक रेट आहे.

पी-व्हॅल्यू नाण्याने शिका. मित्र म्हणतो नाणं सरळ आहे, तुम्ही 10 वेळा उडवलं, 8 छापे आले. सरळ नाण्याला 8, 9 किंवा 10 छापे यायचे मार्ग 45 + 10 + 1 = 56, एकूण शक्यता 1024, म्हणजे 5.5 टक्के. उलट्या बाजूचेही (0, 1, 2 छापे) धरले तर 11 टक्के. म्हणजे सरळ नाण्यालाही नऊ-दहा वेळांत एकदा इतकं एकतर्फी होतं, भांडायला पुरेसं नाही. 9 छापे आले असते तर दोन्ही बाजू धरून 22 भागिले 1024, साधारण 2 टक्के, आता शंका घ्यायला जागा आहे.

तर पी-व्हॅल्यू म्हणजे: काही विशेष घडत नाहीये (या गृहीतकाला नल म्हणतात) असं मानलं तर इतकं किंवा याहून विचित्र दिसण्याची शक्यता. "नल खरं असण्याची शक्यता" हा तिचा अर्थ नव्हे. आजाराचं गणित आठवा, आजार असताना पॉझिटिव्ह यायची शक्यता 96 टक्के, पण पॉझिटिव्ह असताना आजार असायची 11 टक्के. उलटं केलं की आकडा बदलतो, तसंच इथे.

0.05 ही रेघ आकाशातून पडलेली नाही. रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात सोयीची मर्यादा म्हणून वापरली आणि ती चिकटली. 2016 मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून सांगावं लागलं की फक्त पी-व्हॅल्यू रेघेच्या या बाजूला की त्या बाजूला यावर निर्णय घेऊ नका. पेपरात 0.05 दिलंय तर 0.05 वापरा, पण 0.049 आणि 0.051 मध्ये आभाळाएवढा फरक आहे असं लिहू नका. आणि पी मोठी आली तर "नल सिद्ध झालं" कधीच नाही, "नल नाकारायला पुरेसा पुरावा मिळाला नाही" असंच. टाइप 1 चूक म्हणजे खोटा अलार्म, टाइप 2 चूक म्हणजे चोर आला आणि अलार्म वाजलाच नाही, झालं.

पायरी 9: कुठली टेस्ट लावू?

इथे लोक मोठमोठे फ्लोचार्ट पाठ करतात. स्वतःला प्रश्न विचारा, पायरी 1 चे शिक्के वापरून. उत्तर मोजमाप आहे आणि गट दोन? टी-टेस्ट. तेच लोक आधी आणि नंतर मोजलेत? पेअर्ड टी, म्हणजे प्रत्येकाचा फरक काढा आणि एकच कॉलम करून टाका. गट तीन किंवा जास्त? अनोव्हा. दोन्ही बाजूंना नुसते गट? काय-स्क्वेअर. दोन्ही बाजूंना मोजमाप? कोरिलेशन किंवा रिग्रेशन. पेअर्ड आहे का नाही हे ओळखण्यात सगळ्यात जास्त चुका होतात, तेव्हा विचारा: पहिल्या कॉलमच्या तिसऱ्या आकड्याचा दुसऱ्या कॉलमच्या तिसऱ्या आकड्याशी काही नातं आहे का?

रिग्रेशनबद्दल तीनच गोष्टी. उतार वाक्यात सांगा: "एक्स एकाने वाढला की वाय सरासरी इतक्याने बदललेला दिसतो". आर (म्हणजे कोरिलेशन) 0.8 असेल तर आर-स्क्वेअर 0.64, म्हणजे वायच्या चढउतारातला 64 टक्के भाग रेषेने समजावला. आणि डेटा जिथपर्यंत आहे त्याच्या पलीकडे रेषा ताणू नका. "रिग्रेशन" हे विचित्र नाव आलं गॅल्टन यांच्या 1886 च्या उंचीच्या अभ्यासातून, फार उंच आईबापांची मुलं उंच असतात पण सरासरीकडे थोडी परत येतात. पहिल्या टेस्टला टॉप आलेला दुसऱ्या टेस्टला थोडा खाली येतो त्यात बऱ्याचदा एवढंच असतं, उगाच "हवा डोक्यात गेली" म्हणायची गरज नाही.

सॉफ्टवेअरचे खड्डे

एक खड्डा असा की त्यात मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या. पायथनमध्ये नमपाय आणि पांडाज या दोन लायब्रऱ्या आहेत, नमपायचं एसडीचं फंक्शन न सांगता एन ने भागतं, आणि पांडाजचं एन-1 ने. तोच कॉलम, दोन उत्तरं. आर नावाच्या सॉफ्टवेअरमधलं फंक्शन एन-1 वालं. एक्सेलमध्ये शेवटी "डॉट एस" असलेलं नमुन्यासाठी आणि "डॉट पी" असलेलं समष्टीसाठी. नवीन टूल हातात घेतलं की आधी 4, 6, 7, 8, 10 टाका, 2.24 आलं तर एन-1, 2 आलं तर एन. दहा सेकंदात कळतं.

जमत असेल तर चिठ्ठ्यांचा खेळ कॉम्प्युटरवर 10,000 वेळा खेळा, स्प्रेडशीटच्या रँडम फंक्शननेही होतो. हिस्टोग्राम घंटेसारखा होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की ती थिअरम विसरायला होत नाही.

रोजचा अभ्यास कसा

आठवड्याला एक मोठी बैठक या विषयाला सोसत नाही, रोज 40 मिनिटं बरी, कारण प्रत्येक धडा आधीच्यावर उभा आहे आणि एक आठवडा गॅप पडला की वर्गात सर काय बोलतायत तेच कळत नाही. सोडवलेली उदाहरणं वाचणं म्हणजे अभ्यास नाही, वाचताना सगळंच पटतं. उत्तर झाका, सोडवा, मग उघडा. धड्याच्या शेवटची गणितं पण सरसकट क्रमाने करू नका, वेगवेगळ्या धड्यांतून एकेक उचला, कारण क्रमाने केली की कुठली टेस्ट लावायची ते आधीच माहीत असतं आणि परीक्षेत नेमकं तेच माहीत नसतं.

चुकांची वेगळी वही ठेवा, पण त्यात गणित उतरवू नका, चूक एका वाक्यात लिहा, जसं की "स्टँडर्ड एररच्या जागी एसडी वापरला", "युनिट नाही लिहिलं", "एक बाजू की दोन हे वाचलंच नाही". माझ्या वहीत शेवटी शेवटी त्याच सहा-सात चुका फिरून फिरून येत होत्या, परीक्षेआधी तेवढंच पान वाचलं.

स्वतःचा डेटा गोळा करा, तीस दिवस झोपेची नोंद, किंवा स्क्रीन टाइम, काहीही. प्रत्येक नवा धडा त्याच डेटावर लावून बघा. आणि प्रत्येक उत्तराखाली एक वाक्य असं लिहा की ज्याला स्टॅट्स येत नाही अशा घरातल्या माणसाला कळेल, "25 जणांवरून बघता सरासरी झोप साडेसहा ते साडेसात तासांच्या आसपास असावी" असं. सरांच्या त्या लाल प्रश्नचिन्हावर मला सापडलेला उपाय एवढाच होता, पुढच्या टेस्टला 23 आले.

परीक्षेला कॅल्क्युलेटर तोच न्या जो वर्षभर वापरलाय, त्यावर एसएक्स (एन-1 वाला एसडी) आणि सिग्माएक्स (एन वाला) ही दोन बटणं कुठे आहेत ते आदल्या दिवशी बघून ठेवा, आणि प्रत्येक नवीन गणिताआधी स्टॅट मोडमधला जुना डेटा पुसा, नाहीतर मागच्या प्रश्नाचे आकडे पुढच्यात मिसळतात आणि उत्तर असं काही येतं की पोरं दिवसाला 25 तास झोपायला लागतात.